शिट्टी हजर

"काडेपेटी?"

"हजर."

"मेणबत्त्या?"

"दोघीही हजर."

"दुधाणे, नुसतं हजर म्हणायचं. मुली दाखवायला आणलेल्या नाहीत."

भोरच्या एसटी स्टँडवर सकाळी सहाला ही हजेरी चालली होती. साबणे मास्तर बाकावर वही उघडून बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी समोर पिशवी पोटाशी धरून उभा. शेजारी दिगंबर शेटे बशीतल्या चहावर फुंकर मारत होता. साल एक्क्याऐंशी, भाद्रपद संपत आलेला, रविवार.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे आणि डोंगरात वस्तूंची हजेरी घ्यायचे. नियम असा, की नाव पुकारलं की वस्तू पिशवीतून काढून दाखवायची आणि मग हजर म्हणायचं. आयोडीन झालं, कापूस झाला, पट्टी, दोरी, मीठ, हळद, सुईदोरा झाला. तेवढ्यात महाडची गाडी लागली. शेटे एक पाय पायरीवर ठेवून आम्हाला हाका मारायला लागला. यादीत एकच नाव उरलं होतं.

"शिट्टी?"

मी पिशवी हलवली. आत आयोडीनच्या बाटलीला लागून धातूचं काहीतरी खणखणलं.

"हजर," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बरोबरची खूण केली. वर्गात हा माणूस डोकं दिसल्याशिवाय कुणाची हजेरी लावत नसे.

त्या वेळी मी भोर स्टँडवर कंट्रोलर होतो. खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यातून पुकारा करायचा. माझा आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी मी महाड म्हटलेलं महाडला ऐकू जायचं. बरं, राजवाड्यापर्यंत. आणि दोन गाड्यांमधल्या वेळात माझ्या खिडकीशी माणसं उभी राहायची ती थापा ऐकायला. एकदा एका जळवेनं माझं इतकं रक्त प्यायलं की तिलाच चक्कर आली आणि मी तिला गूळ चारून शुद्धीवर आणली, ही माझी त्या काळातली गाजलेली गोष्ट. लोक हसायचे, चहा पाजायचे. खरं मानत नव्हतं कुणी, पण कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

साबणे मास्तरांचं माझ्या उलट. माणूस डोंगरामुळे मरत नाही, घरी विसरलेल्या वस्तूमुळे मरतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून अडीनडीची म्हणून एक निराळी पिशवी त्यांनी शिवून घेतली होती, एसटीच्या जुन्या ताडपत्रीची. आमचे डबे, कपडे ज्याचे त्याच्याकडे. या पिशवीला मात्र अडचण आल्याशिवाय हात लावायचा नाही. ती वाहायचं काम माझ्याकडे होतं, कारण चालताना तोंड सुरू राहिलं तरी मला दम लागत नसे. आणि तिच्यात त्यांची स्वतःची पितळी शिट्टी असायची. शाळेच्या कवायतीची, आत वाटाण्याएवढी गोटी. वाजली की कानात सुई घातल्यासारखं व्हायचं.

पिशवी भरायची ती माझी बायको, सिंधू. ते खातं तिनं आपणहून घेतलं होतं. मास्तर आदल्या दिवशी यादी पाठवायचे आणि ती दुपारी जेवणं आटोपली की जमिनीवर सगळं मांडून बसायची. प्रत्येक वस्तूची वेगळी पुरचुंडी, प्रत्येक पुरचुंडीला चिठ्ठी. मीठ, जळवांसाठी. हळद, जखमेसाठी. गुळाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: आधी मास्तरांना. कारण मास्तर चालताना खात नसत आणि मग घेरी येऊन बसत, हे तिनं एकदा ऐकलेलं. स्वतः ती कधी टेकडीसुद्धा चढली नव्हती. त्या शनिवारी दुपारीही तिनं पिशवी भरली, तोंड आवळलं आणि दाराच्या खुंटीला अडकवली. पिशवी सिंधूनंच भरली, यात काही खोटं नाही.

घाटात एका फाट्यावर आम्ही उतरलो. बेत असा होता, की वरचं पठार ओलांडायचं, उंबरनाळेनं खाली कोकणात उतरायचं आणि संध्याकाळची गाडी धरून परत यायचं. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली दगडांनी भरलेली घळ. उंबरनाळ म्हणजे हजार फुटांची सरळ भिंत. बरं, चारशे फूट. आणि भिंत नाही, उतार. पण पावसाळ्याच्या शेवटी त्या उतारावर शेवाळ असतं, आणि शेवाळावर पाय ठेवायचा म्हणजे साबणाच्या वडीवर उभं राहायचं.

पठारावर फुलं इतकी होती की शेटे वाट सोडून उड्या मारत चालला होता. त्याचं किराणा दुकान. आठवडाभर पोत्यांच्या आड बसलेला माणूस सुटला की असाच सुटतो. धनगरांची दोन झापं, म्हणजे गवती घरं, लागली. तिथे धोंडू मरगळे नावाच्या माणसानं ताक पाजलं आणि कोकणाच्या बाजूला बोट दाखवून सांगितलं, की दुपारी धुकं वर येईल, नाळेत रेंगाळू नका.

उतरणीला लागायच्या आधी मास्तर नेहमी दुसरी हजेरी घेत. पाण्याच्या टाक्याजवळ बसून, जेवून, सावकाश. त्या दिवशी धोंडूचं बोलणं त्यांच्या डोक्यात राहिलं. डबे खाली गेल्यावर उघडू म्हणाले. मी आठवण करून दिली, हजेरी राहिली. वस्तू काय डबा खाऊन पळणार आहेत का, असं म्हणून ते उतरायला लागलेसुद्धा.

शंभरेक पावलं गेलो असू. मास्तर पुढे, मी मधे, शेटे मागे. मास्तरांनी काठी रोवली, काठी राहिली आणि मास्तर गेले. पन्नास फूट घसरले. वीस. वीस फूट. कडेच्या एका फळीएवढ्या सपाटीवर करवंदीच्या जाळीला अडकून थांबले. त्याच्या खाली काही नव्हतं, नुसतं पांढरं. धुकं तेव्हा वर यायला लागलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते शुद्धीत होते आणि चष्मा शोधत होते. डावी नडगी मोडली होती. पाय गुडघ्याखाली जिथे वळू नये तिथे वळला होता, आणि रक्त येत होतं. मग पिशवी उघडली. सांगतो, त्या पिशवीनं त्या दिवशी आपलं काम केलं. पुरचुंड्या हाताला अशा लागत होत्या, जणू कुणी आतून काढून देत होतं. आयोडीन, कापूस, पट्टी. दोन काठ्यांमधे पाय बांधला. दोरीनं मास्तरांना करवंदीच्या बुंध्याशी बांधलं. गूळ त्यांच्या तोंडात घातला.

दोघांनी एकाला उचलून नाळ चढणं जमणारं नव्हतं. शेट्यानं परत झापांवर जायचं आणि माणसं आणायची, असं ठरलं. तासाभराची वाट, पण धुक्यात दीड धरा. मास्तर कळ सोसत होते, तरी हुकूम त्यांचाच चालला होता.

"येताना तुला जागा दिसायची नाही," ते शेट्याला म्हणाले. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. दुधाणे दर पाच मिनिटांनी तीन शिट्ट्या देईल. आवाजावर उतर. दिवस मावळायच्या आत हलवलं पाहिजे, नाहीतर गारठ्यानंच मी संपेन."

शेट्यानं मान हलवली आणि चढायला लागला. दहा पावलांत दिसेनासा झाला, आणखी थोड्या वेळानं त्याच्या पायाखालचे दगडही वाजायचे थांबले.

"काढ शिट्टी," मास्तर म्हणाले.

मी पिशवीत हात घातला आणि कुकरची शिट्टी बाहेर काढली.

हो, कुकरची. झाकणावर बसते ती. बुटकी, वजनदार, काळ्या टोपीची. गळ्याला सुतळीचा तुकडा बांधलेला. मास्तरांनी ती तळहातावर घेतली, चष्म्याच्या उरलेल्या एका काचेतून उलटसुलट करून बघितली. मी म्हणालो, सिंधूनं यादीत शिट्टी वाचलं असेल, आणि बाईमाणूस, तिच्या डोळ्यांपुढे दुसरी कुठली शिट्टी येणार.

मास्तर हसायला लागले. मोडक्या पायानं हसत होते, कळ आली की थांबत होते आणि पुन्हा हसत होते. मीही हसलो. शेवटी त्यांनी डोळे पुसले.

"फुंकून बघ," म्हणाले.

मी फुंकून बघितली. काय व्हायचं होतं?

"मग तूच शिट्टी," मास्तर म्हणाले. "ओरड. गप्प बसायचं नाही. तो माझ्याकडे नाही, तुझ्या आवाजाकडे येणार आहे."

तर मी ओरडायला लागलो. नुसतं ओ, अहो करून घसा लवकर बसतो, हे कंट्रोलरला कळतं. म्हणून मी गाड्या लावल्या. महाडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. पुणे, पुणे, विनाथांबा. शिरवळ, खंडाळा, वाई. मास्तर मधून मधून सांगायचे, वाईची गाडी सहा दहाची आहे, वीसची नाही. सगळ्या गाड्या एकदा सुटल्या, मग परतीच्या आल्या, आणि वेळापत्रक संपलं. तेव्हा थापांकडे वळलो. जळू झाली. धरणात पोहणारा रेडा झाला. दोरी म्हणून अजगर वापरला आणि उतरल्यावर त्यालाच गाठ सोडायला सांगितली, ते झालं. भिजपाऊस सुरू झाला होता. मास्तरांचे दात वाजत होते. तासाभरानं वाजायचे थांबले, तेव्हा मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. पुढे डॉक्टर म्हणाले, ते बरं लक्षण नव्हतं.

"दुधाणे," मास्तर डोळे मिटून म्हणाले, "थापा ऐकायलाही माणसाला जोर लागतो. तो संपला. आता काहीतरी खरं सांग."

चाचपडत सुरुवात केली. अजगर नव्हता, धामण होती, आणि मी पळालो होतो. मॅट्रिकला दोनदा बसलो. नोकरी मामानं लावली. एकदा दारू पिऊन आलो आणि पुण्याची गाडी पुकारायची राहिली, एक म्हातारी रात्रभर स्टँडवर बसून राहिली, ते कोणाला सांगितलं नव्हतं. मी हे सगळं नाळेत मोठमोठ्यानं ओरडत होतो आणि धुकं ते परत माझ्याच तोंडावर टाकत होतं. मास्तर ऐकत होते. मधेच म्हणाले, "हे बरं आहे. याला वजन आहे."

मग थोडा वेळ गेला, आणि त्यांनी विचारलं, "वहिनी इतक्या काटेकोर. गुळाला चिठ्ठी लावतात. शिट्टीतच कशा काय चुकल्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून धोंडू मरगळ्याची कुकारी आली.

शेटे, धोंडू आणि त्याचा भाऊ, असे तिघे आले. घोंगडीची झोळी केली, दोन वासे घातले. अंधार पडायच्या आत मास्तर वर, झापात, शेकोटीशी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटरस्त्यावरून जाणारा एक ट्रक मिळाला आणि आम्ही त्यांना भोरच्या दवाखान्यात आणलं.

ही झाली गोष्ट. बेचाळीस वर्षं मी ती अशीच सांगत आलो आहे, आणि कुकरच्या शिट्टीला माणसं हसून हसून खाली बसली आहेत. लग्नात, बारशाला, माझ्या निरोप समारंभात. आता राहिलेलं सांगतो.

तिसऱ्या दिवशी सिंधू मास्तरांसाठी डब्यातून मऊ भात घेऊन दवाखान्यात आली. मी होतो, शेटे होता, आणि धोंडू बाजाराला आलेला, तो चौकशीला डोकावला होता. पाय प्लॅस्टरमधे वर टांगलेला, पण मास्तर रंगात होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमची शिट्टी कोकणात नेऊन आणली. पण एकदाही झाली नाही. डाळ कच्चीच राहिली."

शेटे हसला. सिंधूच्या हातात डब्याचं झाकण होतं. तिला पहिल्यांदा काही कळलं नाही, मग शेट्यानं सगळं सांगितलं, यादीत शिट्टी वाचून तुम्ही कशी कुकरची घातलीत ते. मी खिडकीबाहेर बघत होतो. ती माझ्याकडे बघते आहे, हे मला मानेवर कळलं. फार वेळ नाही. झाकण उपडं करून ठेवायला लागतो तेवढाच.

"चुकलंच माझं, भावजी," ती म्हणाली. "गडबडीत लक्ष नाही राहिलं."

"आवाज होता म्हणून जमलं," धोंडू म्हणाला. "पर मदीच गप झालं की वो तुमी. आमी वरच्या अंगाला गेलो, टाक्याकडं. लई येळ हिंडलो."

मी म्हणालो, धुकं आवाज गिळतं.

"असंल," धोंडू म्हणाला आणि टोपी नीट केली.

घरी आल्यावर सिंधू स्वयंपाकघरात गेली आणि मी तिच्यामागे. चुलीच्या वर एक खिळा होता. कुकर नवा, शिट्टी हरवू नये म्हणून ती सुतळीनं त्याला लटकवायची. त्या खिळ्याला मास्तरांची पितळी शिट्टी लटकत होती.

मीच लटकवली होती. रविवारी पहाटे, ती अंघोळीला गेली तेव्हा. खुंटीवरची पिशवी उघडून मी तिनं नीट कापडात बांधलेली पितळी शिट्टी काढली आणि कुकरची घातली. थट्टा होती. मास्तर दुसरी हजेरी घेतील, शिट्टी म्हणतील, मी ती बाहेर काढीन आणि म्हणेन, हजर, पण गणवेश नाही. वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. परतीच्या वाटेवर आणि पुढे तीन दिवस पुरेल एवढं हसू होतं त्यात. दुसरी हजेरी झालीच नाही. आणि शेटे निघताना, मास्तर त्याला तीन शिट्ट्यांचं सांगत होते तेव्हा, मी सांगू शकलो असतो. शेटे दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी पिशवीचं तोंड आवळत राहिलो.

"रविवारी भात लावायला गेले तर ही," सिंधू म्हणाली. "इतकी हसले. म्हटलं, आल्यावर बघते यांना." ती पितळी शिट्टी बोटानं हलवत होती. "संध्याकाळी गाडी आली, तुम्ही नव्हता. तोपर्यंत हसत होते."

मी म्हणालो, मी मास्तरांना सांगतो.

"सांगा," ती म्हणाली. "मी सांगायचं ते सांगून आले. माझी शिट्टी द्या आधी. तीन दिवस पातेल्यात शिजवतेय."

मी मास्तरांना सांगितलं नाही. पाय बरा होऊ दे म्हटलं. पाय बरा झाला, पण लंगडा झाला, आणि मास्तर पुन्हा डोंगरात गेले नाहीत. मग तर सांगणं अवघड झालं. आणि तोवर गोष्ट इतकी रंगायला लागली होती, की मास्तर स्वतःच मला भरल्या पंगतीत ती सांगायला लावायचे. त्यांनी डोंगरात जाणाऱ्यांना याद्या करून देणं मात्र सोडलं नाही. सगळ्या याद्यांत शेवटची ओळ एकच असायची: शिट्टी, वाजणारी.

पितळी शिट्टी आमच्याकडेच राहिली. मास्तर म्हणाले, वहिनींना बक्षीस. ती खिळ्यालाच लटकली. आणि तेव्हापासून एक पद्धत पडली. पाहुण्यांसमोर माझी थाप फारच फुगली, जळू दोन हाताची व्हायला लागली, की आतून एक बारीक शिट्टी यायची. सिंधू. जेमतेम फुंकलेली. मी जळू कमी करायचो. पाहुण्यांना वाटायचं, कुकर झाला.

माझ्या सगळ्या थापांना ती वाजली. या एका गोष्टीला कधीच वाजली नाही.

मास्तर गेल्या फाल्गुनात गेले. मागच्या आठवड्यात त्यांची नात ती ताडपत्रीची पिशवी घेऊन आली. मैत्रिणींबरोबर डोंगरात चालली होती, आजोबांच्या यादीनं पिशवी भरत होती, आणि तिला शेवटची ओळ कळत नव्हती. वाजणारी म्हणजे काय, न वाजणारी असते का, म्हणून विचारायला आलेली. मी सवयीनं सुरू झालो. कुकरच्या शिट्टीपाशी पोरगी हसून गडाबडा लोळायचीच बाकी राहिली.

"आजी, तुम्ही म्हणजे कमालच आहात," ती सिंधूला म्हणाली.

सिंधू आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. ती शेंगा सोलत होती. "हो बाई," म्हणाली. "तेव्हा कळत नव्हतं काही." आणि उठून खिळ्यावरची पितळी शिट्टी काढली, पदरानं पुसली आणि पोरीच्या हातात ठेवली. "वाजवून बघ आधी," म्हणाली. पोरीनं वाजवली. माझ्या कानात सुई गेल्यासारखं झालं. मग सिंधूच म्हणाली, "परत आलीस की आणून दे हं. घरात लागते."

त्या दिवशी मी लिहायला बसलो. चार दिवस लागले. काल पोरगी सुखरूप परत आली, शिट्टी खिळ्याला लागली, आणि आज सकाळी मी हे सगळं सिंधूला वाचून दाखवलं. ती आत भात निवडत होती, मी दाराशी खुर्ची घेतली. वर ठिकठिकाणी तुम्हाला बरं म्हणून मागे घेतलेलं दिसेल. हजार फुटांचे चारशे झाले, पन्नासाचे वीस, ते तिनं वाजवलं म्हणून. खोडून टाकणार होतो, पण म्हटलं राहू दे, कुणाचं काम आहे ते दिसू दे.

एका ठिकाणी मात्र ती वाजली आणि मला वाटलं, चुकून वाजली. मी परत वाचलं. "मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून धोंडू मरगळ्याची कुकारी आली."

पुन्हा वाजली. या वेळी बारीक नाही.

म्हणजे तिनं धोंडूचं ते 'मदीच गप झालं' बेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, चिठ्ठी लावून.

तर ते असं. कुकारी आली नव्हती. कुकारी यायला अर्धा तास होता. मास्तरांनी विचारलं, वहिनी शिट्टीतच कशा चुकल्या, आणि मी तोंड मिटलं. तोवर दोन तास सलग बोलत होतो, गाड्या संपल्यावर थापा काढल्या, थापा संपल्यावर लाजेच्या गोष्टीसुद्धा ओरडून सांगितल्या, पण या एका वाक्याला आवाज फुटेना. मास्तर थोडा वेळ वाट बघत होते. मग त्यांची मान कलली. त्यांना झोपू द्यायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी त्यांना हलवलं नाही. जागे झाले तर पुन्हा विचारतील, म्हणून हलवलं नाही. मी कुकरची शिट्टी मुठीत धरून बसलो होतो आणि नाळेत काहीही वाजत नव्हतं, आणि वर कुठेतरी तीन माणसं माझ्या आवाजावर येता येता थांबून कान देत होती आणि मग भलत्या वाटेला लागत होती. मास्तरांचे ओठ निळे पडलेले दिसले तेव्हा मी घाबरलो. महाड, असं किंचाळलो. महाड, महाड, महाड. त्यावर कुकारी आली.

पाय त्या अर्ध्या तासानं लंगडा झाला का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

हे आत्ता लिहिलं आणि सिंधूला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर थांबलो. आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग कुकरचं झाकण लागल्याचा. मी पानं हातात धरून बसून राहिलो. दहा मिनिटं झाली असतील, शिट्टी वाजली. खणखणीत, लांब. मी दचकलो आणि पानं उलटी फिरवून कुठली ओळ, ते शोधायला लागलो.

"अहो," सिंधू आतून म्हणाली, "भात आहे तो."